लाइट गेली आणि स्विचची सेटिंगही गेली?
सिस्को कॅटलिस्ट २९६० हा नेटवर्क स्विच वापरणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

पोर्ट ७ व्हीलॅन ३० मध्ये टाकला (व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेला वेगळा नेटवर्क गट), दोन आठवडे सगळं सुरळीत चाललं. एका रात्री लाइट गेली आणि सकाळी अकाउंट्सचा प्रिंटर सापडेना. व्हीलॅन ३० यादीत दिसतोय, पण पोर्ट ७ परत व्हीलॅन १ मध्ये! स्विच बिघडलेला नाही. बदल सेव्ह करायचा राहिला, एवढंच.

तुम्ही टाइप केलेली कमांड लगेच लागू होते, पण ती रॅममधल्या रनिंग-कॉन्फिगमध्ये (चालू सेटिंगमध्ये) असते आणि वीज गेली की पुसली जाते. सुरू होताना स्विच एनव्हीरॅममधली (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीतली) स्टार्टअप-कॉन्फिग वाचतो. व्हीलॅनची यादी मात्र सहसा फ्लॅशमधल्या व्हीलॅन.डॅट या वेगळ्या फाइलमध्ये असते, म्हणून ती टिकते आणि पोर्टची नेमणूक जाते.

सेव्ह करताना

लॅपटॉपपासून स्विचच्या कन्सोल पोर्टला कन्सोल केबल लावा, पुटी या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये सीरियल निवडून वेग ९६०० ठेवा आणि एंटर दाबा. अगम्य अक्षरं उमटली तर वेग चुकलाय. कमांड इथे उच्चारानुसार दिल्या आहेत. टाइप इंग्रजीतच करायच्या.

इनेबल
कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग

स्विच फाइलचं नाव विचारतो. इथे नुसतं एंटर. सवयीने ‘वाय’ दाबून एंटर केलं तर ‘वाय’ नावाची फाइल तयार होते आणि स्टार्टअप-कॉन्फिग जुनीच राहते. सिस्कोच्याच एसजी३०० सारख्या लहान स्विचवर नेमकं उलटं आहे: तिथे जुन्या फाइलवर लिहू का, असं विचारतात आणि नुसतं एंटर म्हणजे ‘नाही’, म्हणून तिथे ‘वाय’ लागतंच. दोन्ही प्रकार एकाच रॅकमध्ये असतील तर स्विचवर चिठ्ठी चिकटवा, लाजू नका.

कॅटलिस्टवर शेवटी ‘ओके’ आलं तरी ‘शो स्टार्टअप-कॉन्फिग’ देऊन पोर्ट ७ खाली व्हीलॅन ३० आहे ना, ते डोळ्यांनी बघा.

लांबून बदल करताना

आधी चालू सेटिंग सेव्ह करा, मग ‘रीलोड इन १०’ द्या आणि त्यानंतरच बदलाला हात घाला. काही चुकून संपर्क तुटला तर दहा मिनिटांनी स्विच स्वतःच रीस्टार्ट होऊन जुन्या सेटिंगवर येतो. सगळं ठीक असेल तर ‘रीलोड कॅन्सल’ द्या आणि मग सेव्ह करा. कॅन्सल विसरलात तर भर कामाच्या वेळी नेटवर्क बसेल.

हमखास होणारी चूक ट्रंक पोर्टवरची, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या पोर्टवरची. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ म्हटलं की आधीची सगळी यादी जाऊन फक्त ३० उरतो, आणि बहुतेक वेळा तुमचा स्वतःचा संपर्कही त्यातच तुटतो. ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ असंच लिहा.

बॅकअप

लॅपटॉपवर टीएफटीपीडी६४ (टीएफटीपी या साध्या पद्धतीने फाइल घेणारा प्रोग्रॅम) चालू करून ‘कॉपी रनिंग-कॉन्फिग टीएफटीपी:’ द्या. स्विच लॅपटॉपचा आयपी आणि फाइलचं नाव विचारेल. टाइमआउट आला तर आधी विंडोजचा फायरवॉल बघा, तो यूडीपी ६९ (टीएफटीपीची वाट) अडवत असतो. व्हीलॅन.डॅटचीही प्रत घ्या, नाहीतर नव्या स्विचवर पोर्ट असतील पण व्हीलॅन नसतील.

परत चढवताना फाइल रनिंगमध्ये कॉपी करू नका: ती आहे त्या सेटिंगमध्ये मिसळते, नको असलेल्या जुन्या ओळी तशाच राहतात. स्टार्टअपमध्ये कॉपी करा आणि ‘रीलोड’ द्या. तेव्हा ‘बदल सेव्ह करू का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नो’. ‘येस’ म्हटलंत तर नुकत्याच चढवलेल्या फाइलवर जुनीच सेटिंग लिहिली जाईल.

ही फाइल ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिच्यातले टाइप ७ चे (सिस्कोच्या कच्च्या पद्धतीने झाकलेले) पासवर्ड कुणालाही क्षणात उलगडता येतात.