गावाच्या नावाचा शब्द होतो तेव्हा

परीक्षेत पानिपत होते, निवडणुकीत होते, धंद्यातही होते. तसे म्हणताना हरियाणातले शहर कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. खरे तर हे वाक्य व्याकरणात बसायला नको. गाव वसते, वाढते, ओस पडते. ते ‘होत’ नाही. ‘होणे’ हे क्रियापद लागले तेव्हाच पानिपत विशेषनाम राहिले नाही, ते ‘दाणादाण’ आणि ‘धुव्वा’ यांच्या पंगतीत जाऊन बसले. हे घडले १४ जानेवारी १७६१ या एका दिवसामुळे. त्याच मैदानावर १५२६ आणि १५५६ मध्येही साम्राज्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या लढाया झाल्या होत्या, पण मराठी शब्दाला त्यांचे सोयरसुतक नाही. ज्यांनी घाव सोसला त्यांनीच अर्थ ठरवला.

विशेषनामाला मुळात अर्थच नसतो, असे जॉन स्टुअर्ट मिल या तत्त्वज्ञाने १८४३ मध्ये मांडले. नाव ही नुसती खूण. ती वस्तू दाखवते, तिच्याविषयी काही सांगत नाही. हे तर्कशास्त्रापुरतेच खरे नाही, आपल्या स्मरणशक्तीलाही ते जाणवते. ब्रिटनमध्ये १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना अनोळखी चेहरे दाखवून प्रत्येकाचे आडनाव आणि व्यवसाय सांगितला. इंग्रजीत ‘बेकर’ हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्याचा व्यवसायही. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला तर तो लक्षात राहण्याची शक्यता बरीच जास्त होती. व्यवसाय म्हटला की भट्टी, पीठ, पहाटेचे उठणे असे धागे मनात जोडले जातात. आडनावाला असा एकही धागा नसतो.

गावाच्या नावाचेही तसेच. त्याला एखादा ठळक गुण चिकटला की नाव एकदम वापरण्याजोगे होते. आणि हा गुण चिकटवतात ते बहुधा त्या गावचे लोक नसतात. शेजारी, प्रतिस्पर्धी, शत्रू, तिथून हाकललेले किंवा तिथे बंदिवान म्हणून नेलेले लोक हे काम करतात. ग्रीसमधल्या कॉरिंथचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत बोलके वाटते.

कॉरिंथ एका चिंचोळ्या भूपट्टीवर वसले होते, दोन समुद्रांवरची दोन बंदरे त्याच्या हातात. व्यापार मोठा, पैसा खळखळणारा, खलाशांची वर्दळ अखंड. अथेन्सला ते सलत होते. इ. स. पू. पाचव्या-चौथ्या शतकांत विनोदी नाटके लिहिणाऱ्या अथेन्सच्या ॲरिस्टोफनीसने गावाच्या नावाला प्रत्यय लावून चक्क क्रियापद केले: ‘कॉरिंथियाझेस्थाइ’, म्हणजे कॉरिंथकरांसारखे वागणे, अर्थात बाहेरख्यालीपणा करणे. चारेक शतकांनी स्ट्रॅबो या भूगोलकाराने तिथल्या ॲफ्रोडाइटी या प्रेमदेवतेच्या मंदिरात हजाराहून अधिक गणिका होत्या असे लिहून ठेवले. या आकड्यावर आजच्या अनेक अभ्यासकांचा विश्वास नाही. आधी कुचेष्टा रुळते आणि मग तीच इतिहास म्हणून नोंदली जाते, असे नावांच्या बाबतीत पुष्कळदा दिसते.

इ. स. पू. १४६ मध्ये रोमनांनी कॉरिंथ उद्ध्वस्त केले. पुढे, इ. स. पू. ४४ मध्ये, ज्युलियस सीझरने तिथे नवी वसाहत उभारायला घेतली. गाव एकदा पुसले जाऊन पुन्हा वसले, पण बदनामी मधल्या काळातही टिकली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस शेक्सपिअरच्या एका नाटकात ‘कॉरिंथियन’ हा शब्द येतो तो रंगेल, दिलदार गड्यासाठी. म्हणजे शिवीत कौतुक मिसळू लागले होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये त्याचा अर्थ झाला पैसेवाला, छानछोकी, घोडे आणि मुष्टियुद्ध यांचा षौकीन तरुण. खेळांचा षौक आला आणि शब्दाने कूस बदलली. १८८२ मध्ये लंडनच्या हौशी फुटबॉलपटूंनी आपल्या संघाचे नाव अभिमानाने ‘कॉरिंथियन’ ठेवले. सभ्य खेळाडू मुद्दाम नियम मोडणारच नाही, म्हणून हा संघ पेनल्टीचा फायदा घेत नसे, असे सांगितले जाते. आज इंग्रजीत ‘कॉरिंथियन वृत्ती’ म्हणजे पैशासाठी नव्हे, तर खेळासाठी सचोटीने खेळणे! हाच संघ १९१० मध्ये ब्राझीलला गेला. त्याचा खेळ पाहून साओ पाउलोच्या कामगारांनी त्याच वर्षी स्वतःचा क्लब काढला आणि नाव घेतले ‘कॉरिंथियन्स’. अथेन्सच्या रंगभूमीवरची एक कुचेष्टा सव्वादोन हजार वर्षांनी ब्राझीलच्या कामगार वस्तीची शान झाली.

अर्थ चढतो, उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर मागच्या अर्थातला एकच धागा पुढे जातो. बाहेरख्यालीपणातून रंगेलपणा गेला, रंगेलपणातून खेळाचा षौक, षौकातून खिलाडूपणा. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला पहिली पायरी दिसत नाही.

कधी नावाचा उच्चारच झिजून दुभंगतो. लंडनमध्ये १२४७ साली येशूच्या जन्मगावाच्या, बेथलेहेमच्या, नावाने एक मठ स्थापन झाला. पुढे तिथे मनोरुग्णांना ठेवू लागले आणि लोकांच्या तोंडी बेथलेहेमचे ‘बेडलम’ झाले. आज बेडलम म्हणजे नुसता गोंधळ, कोलाहल. पवित्र नाव एका वाटेने गेले, झिजलेले दुसऱ्या. मराठीने अशी फारकत न करताही काम भागवले आहे. ‘काशीला गेला’ आणि ‘कामाची काशी झाली’ यांत उच्चार तोच आहे, पण विभक्ती आणि क्रियापद मिळून दोन अर्थांत बांध घालतात. ऐकणारा क्षणभरही घोटाळत नाही.

आजच्या इराकमधल्या प्राचीन बॅबिलोनची कहाणी याहून गंभीर आहे. तिथले लोक आपल्या नगरीचे नाव ‘बाब-इलि’ म्हणजे ‘देवाचे दार’ असे समजत. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास राजा नेबुखद्नेझरने जेरुसलेमचे मंदिर पाडले आणि अनेक ज्यूंना तिकडे नेले. त्या बंदिवानांच्या भाषेत, हिब्रूत, ‘बालाल’ म्हणजे कालवणे, गोंधळ करणे. बायबलमधल्या ज्या मनोऱ्याच्या कथेत देव माणसांची भाषा कालवून टाकतो, तिच्यात बाबेल या बॅबिलोनच्या हिब्रू नावाची फोड नेमकी याच शब्दाने केली आहे. देवाच्या दाराचा गोंधळ झाला.

त्यानंतर बॅबिलोन म्हणजे जुलमी, माजलेली सत्ता असा अर्थ रूढ झाला आणि ज्याला जी सत्ता जाचली त्याने तिला हे नाव दिले. पहिल्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांनी ते रोमला दिले. चौदाव्या शतकात पोप फ्रान्समधल्या आव्हिन्यों इथे राहत होते, तेव्हा कवी पेट्रार्कने त्या शहराला दिले. १५२० मध्ये धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पोपसत्तेलाच. रशियन बोलीत मात्र ‘वाविलोन’ भलतीकडेच गेले: नागमोडी वळणे, विशेषतः झिंगलेल्या माणसाच्या झोकांड्या.

१९३० च्या दशकात जमैकात रास्ताफारी पंथ उदयाला आला. गुलाम म्हणून आफ्रिकेतून आणलेल्यांचे हे वंशज. बायबल वाचताना त्या बंदिवानांत त्यांना आपलेच पूर्वज दिसले आणि वसाहतवाद्यांची सगळी व्यवस्था त्यांच्यासाठी बॅबिलोन झाली. रस्त्यावरच्या माणसाला ही व्यवस्था भेटते ती गणवेशात, म्हणून बोलीत पोलीस म्हणजेच बॅबिलोन. १९७० च्या दशकात रेगे संगीताबरोबर हा शब्द लंडनच्या कृष्णवर्णीय तरुणांच्या तोंडी पोहोचला. अडीच हजार वर्षे ओलांडून आलेला हा शब्द टिकला, कारण हद्दपारीचे दुःख प्रत्येक वेळी ताजे होते.

बगदादच्या दक्षिणेला सुमारे ८५ किलोमीटरवर त्या नगरीचे अवशेष आहेत. २०१९ मध्ये युनेस्कोने त्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. शेजारी हिल्ला हे नांदते शहर आहे. प्रांताचे नाव आजही बाबिल. तिथल्या माणसाला ‘कुठला?’ विचारले, तर तो ‘बाबिलचा’ म्हणून सांगतो, आणि त्या उत्तराचा अर्थ तेवढाच असतो.