किती जिंकल्या ते नको, कितीने जिंकल्या ते सांग

परवा सकाळी पोहे खात होतो (इंदूरात सकाळ म्हणजे पोहे, वर सेव आणि जीरावन, बाजूला जिलेबी, ह्यावर चर्चा नाही) तेवढ्यात पुतण्या वही घेऊन समोर येऊन बसला. त्याच्या टीमच्या १० लीग मॅच संपल्यात, ७ जिंकल्या ३ हरल्या, आता ह्या रविवारी सेमीफायनल आणि जिंकले तर पुढच्या रविवारी फायनल. "काका, तुम्ही कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवता ना, मग सांगा आम्ही कप आणणार का?" होळकर स्टेडियमच्या गावात राहून ह्या पोराला क्रिकेट सोडून बास्केटबॉलचं वेड लागलंय, एनबीएचे (अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग) प्लेऑफ म्हणजे बाद फेऱ्या आपल्याकडे पहाटे लागतात म्हणून हा एप्रिल-मे-जून पहाटे उठून मोबाईल घेऊन बसतो आणि मग शाळेत पेंगतो, असा सगळा प्रकार.

मी म्हटलं, ७-३ राहू दे, स्कोअर दाखव. कारण जिंकलो-हरलो हा हिशेब फार ठोकळ आहे. एका गुणाने जिंकलेली मॅच आणि तीस गुणांनी जिंकलेली मॅच, दोन्हींना रकान्यात एकच टिकमार्क. पण एका गुणाची मॅच म्हणजे शेवटच्या सेकंदाला बॉल रिंगवर फिरून आत पडला की बाहेर, एवढाच फरक, त्यात टीम चांगली आहे हे फारसं सिद्ध होत नाही. हे आधी बेसबॉलवाल्यांना सुचलं. बिल जेम्स नावाच्या माणसाने बेसबॉलसाठी सूत्र काढलं की टीमने केलेल्या रन्सचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या रन्सच्या वर्गांची बेरीज, म्हणजे साधारण किती टक्के मॅच जिंकायला हव्या होत्या ते कळतं. वर्ग आणि बेरीज बघून पायथागोरसची आठवण येते म्हणून नाव पायथागोरियन, बाकी त्रिकोणाचा काही संबंध नाही. पुढे डॅरिल मोरे ह्याने तेच बास्केटबॉलला लावलं तेव्हा २ हा घात चालेना, तो १३.९१ घ्यावा लागला.

एवढा मोठा घात का, तर एनबीएच्या एका मॅचमध्ये प्रत्येक टीमच्या हातात बॉल साधारण १०० वेळा येतो. शंभर वेळा नाणं उडवलं की नशिबाचा वरखालीपणा बराचसा एकमेकांत जिरतो आणि जो खरंच थोडा चांगला आहे तो वर येतो. फुटबॉलमध्ये अख्ख्या मॅचमध्ये दोन-तीन गोल, त्यामुळे तिथे कमजोर टीम सुद्धा एखादा गोल मारून बचाव करत बसू शकते. बास्केटबॉलमध्ये असं लपून बसता येत नाही.

तर वही. केलेले गुण ६१२, दिलेले ५८८. ह्यांच्या मॅच छोट्या, बॉल कमी वेळा हातात येतो म्हणून मी घात १४ च्या जागी १० धरला, उत्तर आलं ६० टक्के. म्हणजे १० पैकी ६ जिंकायला हव्या होत्या, प्रत्यक्षात ७, ठीक आहे, एवढं चालतं. पुतण्या खूश. मग मी एकेक मॅच बघत गेलो तर एका ओळीवर बोट थांबलं, ७८-४७. हे काय रे? तर म्हणे त्या दिवशी समोरच्या टीमची पाचच पोरं आली होती, बाकीची कुठल्याशा लग्नाला गेलेली, बदली खेळाडू एकही नाही, दुसऱ्या हाफमध्ये ती पोरं अक्षरशः कंबरेवर हात ठेवून उभी होती.

ती एक मॅच काढली तर उरलेल्या नऊमध्ये केलेले ५३४, दिलेले ५४१. सात गुणांनी मागे! नऊपैकी सहा जिंकल्या खऱ्या, पण सगळ्या एक, दोन, दोन, तीन, तीन, चार अशा फरकाने, आणि हरल्या त्या पाच, सहा आणि अकराने. म्हणजे घासून झालेली प्रत्येक मॅच ह्यांच्या बाजूने गेलीय. पुतण्याचं म्हणणं, "आम्ही प्रेशरमध्ये भारी खेळतो." असेलही, पण एवढ्याशा मॅचवरून ते म्हणता येत नाही, आणि घासून जिंकण्याची सवय पुढच्या सीझनला सहसा टिकत नाही असाच अनुभव आहे. मी सरळ ५० टक्के धरले. सेमी अर्धी, फायनल अर्धी, अर्ध्याचं अर्धं पाव, म्हणजे कपाची शक्यता २५ टक्के.

आतून वहिनी आल्या, "भाऊजी, पोराला असं सांगतात का?"

आता त्यांना कसं समजावणार की २५ टक्के हा अपमान नाहीये. एनबीएचं उदाहरण घ्या. तिथे ८२ मॅचचा सीझन, मग प्लेऑफच्या चार फेऱ्या, प्रत्येक फेरी सातातली, आधी चार जिंकेल तो पुढे. समजा एक तगडी टीम आहे, समोर कोणीही असो, प्रत्येक मॅच जिंकायची तिची शक्यता ६० टक्के. सातातली सिरीज जिंकायची शक्यता मग ७१ टक्के होते, कारण जितक्या जास्त मॅच तितका चांगल्या टीमचा फायदा. एकच मॅच असती तर ६०, तिनातली असती तर ६५ च्या आसपास, पाचातली ६८. पण अशा सिरीज चार जिंकायच्यात, आणि ७१ टक्के चार वेळा गुणा, उत्तर येतं २५! म्हणजे तिकडची ती खरीखुरी तगडी टीम आणि आमच्या सुदामानगरची ही नाणेफेक टीम, दोघांची कपाची शक्यता एकच. मला स्वतःला हा आकडा बघून हसू आलं.

आणि ६० टक्के म्हणजे काही थोडं नाही बरं का. एनबीएत मॅचच्या फरकाचा पसारा, ज्याला आम्ही स्टँडर्ड डेव्हिएशन म्हणतो, साधारण १२ गुणांचा असतो. म्हणजे तुम्ही समोरच्यापेक्षा सरासरी ३ गुणांनी चांगले असाल तेव्हा कुठे ६० टक्के होतात, ६ गुणांनी असाल तर ६९. हा पसारा येतो कुठून? बराचसा तीन गुणांच्या शॉटमधून. एक टीम मॅचमध्ये ३५ वेळा लांबून मारते आणि ३६ टक्के आत जातात असं धरा, तर सरासरी १२-१३ जातील, पण निव्वळ नशिबाने तीनएक जास्त किंवा कमी जाणं अगदी रोजचं. तीन शॉट म्हणजे ९ गुण. कोणी काही चुकलं नाही, कोच तोच, पोरं तीच, तरी नऊ गुण इकडचे तिकडे.

ह्याची सगळ्यात क्रूर गंमत २०१८ साली झाली, आणि झाली कोणाची, तर त्याच डॅरिल मोरेची. सूत्रवाला मोरे तोवर ह्यूस्टन रॉकेट्सचा जनरल मॅनेजर झाला होता, आकडे बघून टीम बांधायची आणि लांबून मारायचं, हे त्याचं धोरण. त्या सीझनला रॉकेट्स ६५ जिंकून १७ हरले, लीगमधला सर्वात चांगला रेकॉर्ड. प्लेऑफमध्ये वॉरियर्सविरुद्धच्या सिरीजमध्ये ३-२ पुढे होते, पण पाचव्या मॅचमध्ये त्यांच्या क्रिस पॉलची मांडी धरली आणि पुढच्या दोन्ही मॅच तो बाहेर. सातवी मॅच घरच्या कोर्टवर, हाफटाइमला ११ गुणांनी पुढे, आणि मग तीन गुणांचे लागोपाठ २७ शॉट बाहेर. सत्तावीस! दिवसभरात ४४ मारले, ७ गेले. मॅच ९२-१०१ अशी हरले.

३६ टक्केवाल्या टीमचे सलग २७ चुकायची शक्यता काढली तर ०.६४ चा २७ वा घात, जवळपास पावणेदोन लाखांत एकदा. हा आकडा ऐकला की लोक म्हणतात बघा, गणित फेल. मला वाटतं इथे गणित नाही, आपण घातलेलं गृहीत फेल आहे. प्रत्येक शॉट आधीच्यापासून सुटा, आणि दर वेळी तेच ३६ टक्के, हे आपणच ठरवलं ना. पण पाय थकलेत, मुख्य बॉल फिरवणारा पॉल बेंचवर, समोर वॉरियर्स हात उंचावून उभे, अशा वेळी ३६ चे २८ झाले असं नुसतं धरा, तर तोच आकडा सात हजारांत एकदा एवढा खाली येतो. तरी दुर्मिळच, पण पावणेदोन लाख आणि सात हजार ह्यात केवढं अंतर आहे बघा.

उलटी गोष्ट २०२३ ची. मायामी हीटने सीझनभर केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण जास्त, ४४ जिंकून ३८ हरले, प्ले-इनमधली (प्लेऑफच्या शेवटच्या जागांसाठीची पात्रता फेरी) पहिली मॅच सुद्धा हरले आणि दुसरी जिंकून कसेबसे आठव्या नंबरावर घुसले. समोर ५८ जिंकलेले मिलवॉकी बक्स. हीटने त्यांना ४-१ ने घरी पाठवलं आणि थेट फायनल गाठली. त्यात बक्सचा मुख्य खेळाडू यानिस पहिल्याच मॅचमध्ये पाठीवर पडून पुढच्या दोन मॅच बाहेर होता, आणि सीझनभर लांबून ३४ टक्के मारणारे हीट त्या सिरीजमध्ये ४५ च्या आसपास मारत होते. फायनलमध्ये मात्र डेन्व्हरने ४-१ ने गुंडाळलं. माझ्या सूत्राने हीटला पहिल्या फेरीत सुद्धा फार किंमत दिली नसती, आणि तरीही मी सूत्र बदलणार नाही, कारण पाच-दहा टक्क्यांची गोष्ट कधी ना कधी घडतेच, घडली नाही तर ती पाच-दहा टक्क्यांची कसली.

हवामानवाले हे बरोबर जगतात. ३० टक्के पाऊस म्हटलं आणि पडला तर ते चुकले असं नाही, त्यांनी ३० टक्के म्हटलेले सगळे दिवस गोळा करा आणि त्यातल्या तीस टक्क्यांच्या आसपास दिवशी पडला का ते बघा. ग्लेन ब्रायर नावाच्या हवामानवाल्याने १९५० मध्ये अशा अंदाजांना मार्क द्यायची पद्धतच काढली. माझ्या २५ टक्क्यांना पण एका रविवारवरून नापास करू नका, एवढंच मी वहिनींना म्हटलं, त्या काही न बोलता चहाचा कप आपटून गेल्या.

पुतण्या मात्र वहीतच डोकं घालून होता. "काका, ह्यातलं आमच्या हातात काय आहे?" हा प्रश्न मला आवडला. डीन ऑलिव्हर ह्या आकडेवाल्याने मॅच जिंकण्याचे चार भाग पाडलेत आणि त्यांना ढोबळ वजनं दिलीत, शूटिंग ४०, बॉल हातचा न घालवणं २५, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडणं) २०, फ्री थ्रो (फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट) १५. शूटिंग एका आठवड्यात काय सुधारणार. रिबाउंडचं म्हणाल तर ह्यांचा सर्वात उंच पोरगा घोटा सुजवून बसलाय, त्याचं नाव माझ्या सूत्राला माहीतच नाही, गेल्या दहा मॅचचे गुण त्याच्यासकटचे आहेत, म्हणजे माझे ५० खरे तर ४५ धरा.

राहिला फ्री थ्रो. सगळ्यात कमी वजनाचा, पण समोर कोणी हात वर करून उभा नसतो, अंतर तेच, रिंग तीच. वहीत मोजलं तर मॅचला सरासरी २० मिळतात आणि ९ जातात. ते १२ झाले तर ३ गुण, आणि ह्यांच्या नऊपैकी पाच मॅच तीन गुणांच्या आतच सुटल्यात. एका आठवड्यात ९ चे १२ होतील असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, १० झाले तरी खूप.

तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्या गॅरेजच्या भिंतीवर लावलेल्या रिंगखाली शंभर फ्री थ्रो चालू आहेत. वर राहणाऱ्या आजोबांनी काल खिडकीतून विचारलं, "भिया, अजून किती?" तर हा खालून ओरडला, "एकसष्ट झालेत, अठ्ठावीस गेले!"