रावस, दाढा आणि त्यांचे कुल

ठाणे आणि नवी मुंबईच्या मासळी बाजारांत रावस व दाढा या नावांनी विकले जाणारे मासे पॉलिनेमिडी या कुलातले आहेत. कुल लहान आहे. त्यात 8 वंश आणि 40च्या आसपास जाती असून बहुतेक सगळ्या उष्ण समुद्रांच्या किनाऱ्यालगत, उथळ आणि गढूळ पाण्यात राहतात. काही जाती खाड्यांत शिरतात, थोड्या नद्यांतही आढळतात.

कुलाची खूण छातीच्या पराशी सापडते. या पराचा वरचा भाग इतर माशांसारखाच असतो. खालच्या भागातले तंतू मात्र एकमेकांपासून सुटून दोऱ्यांसारखे लोंबतात. ग्रीक भाषेत ‘पॉली’ म्हणजे पुष्कळ आणि ‘नेमा’ म्हणजे दोरा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने 1758 मध्ये पॉलिनेमस हे वंशनाम दिले ते यावरूनच. खाडीच्या पाण्यात हातभर अंतरावरचे दिसत नाही, आणि या माशांच्या डोळ्यांवर तर चरबीचा पारदर्शक पडदाही असतो. चिखलावरून हे दोरे फिरवत ते कोळंबी, लहान मासे चाचपून शोधतात. नाकाड पुढे आलेले आणि तोंड त्याच्या खाली, अशी ठेवणही तळाशी चरण्याला सोयीची.

रावसाला सुटे दोरे 4, दाढ्याला 5. रावसाच्या ‘एल्युथेरोनेमा टेट्राडॅक्टायलम’ या शास्त्रीय नावाचा अर्थच सुट्या दोऱ्यांचा, चार बोटांचा असा होतो. दाढ्याचे नाव ‘लेप्टोमेलानोसोमा इंडिकम’. दोघांचे पहिले शास्त्रीय वर्णन इंग्रज प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शॉ याने 1804 मध्ये केले. बाजारात उभे राहून ही मोजणी करणे वाटते तितके सोपे नाही. बर्फात राहिलेल्या माशाचे दोरे ओले होऊन पोटाला चिकटलेले असतात, ते नखाने एकेक सोडवावे लागतात आणि तोवर मागचे गिऱ्हाईक कुरकुरायला लागते. विकणारी मावशी दोरे मोजत बसत नाही. ताज्या रावसाचे अंग चांदीसारखे आणि छातीचा पर पिवळसर, दाढा अंगाने काळपट, एवढे तिला पुरते. दाढा हे नाव ऐकले की हनुवटीखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांमुळे दाढीच आठवते. बंगालमध्ये याच कुलातल्या नदीमुखाशी राहणाऱ्या एका लहान माशाला तपसे म्हणतात, म्हणजे तपस्वी. त्याचे दोरे अंगापेक्षाही लांब असतात, तेव्हा जटा-दाढी सुचणे साहजिक आहे. रावसाला तमिळमध्ये काला म्हणतात, तर गुजरातीत दाढ्याचे नाव दारा.

नावांच्या या गोतावळ्यात एकच नाव परके आणि फसवे आहे: ‘इंडियन सामन’. घोडबंदर रोडवरच्या हॉटेलांत असो की वाशीच्या, मेनूकार्डावर रावसापुढे हे हमखास छापलेले दिसते. सामन हा थंड पाण्याचा, उत्तर अटलांटिक आणि उत्तर प्रशांत महासागरांतला मासा, कुल वेगळे. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत चढतो. त्याचे मांस नारिंगी असते, रावसाचे पांढरे. नाव बहुधा इंग्रज अंमलदारांच्या ताटावरून आले असावे. घरच्या माशाची आठवण काढत त्यांनी रंगरूपाने जवळचा वाटणारा मासा निवडला. ऑस्ट्रेलियातही या कुलातल्या माशांना ‘ब्लू सामन’, ‘किंग सामन’ अशी नावे पडली आहेत. ऑनलाइन मासळी मागवणाऱ्याने मात्र सावध असावे, कारण आता खरा नॉर्वेचा सामनही त्याच यादीत असतो, आणि दोघांची चव व भाव यांचा काडीमात्र संबंध नाही.

रावसाच्या आयुष्यात एक विलक्षण गोष्ट घडते. बहुतेक रावस आधी नर म्हणून वयात येतात आणि पुढे वाढल्यावर मादी होतात. म्हणून गाभोळी मिळते ती मोठ्या रावसात, फूटभराच्या पिल्लात ती शोधून उपयोग नाही. मोठे मासे वेचून पकडले की माद्याच संपतात, आणि लहान पकडले तर त्यांना मादी होण्याइतके आयुष्यच मिळत नाही. 1 जून ते 31 जुलै या काळात राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, तिचा फायदा रावसालाही होतो.

ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर क्षेत्राचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला तो मुख्यतः पक्षी आणि खारफुटीमुळे. पण मासे हेच इथल्या कोळीवाड्यांच्या वस्तीचे मूळ कारण. ठाणे स्टेशनला खेटून असलेला चेंदणी कोळीवाडा किंवा बेलापूरजवळचे दिवाळे इथली जुनी माणसे खाडीतल्या रावसाबद्दल अजून बोलतात. आज शहरात येणारा बराचसा माल मुंबईच्या बंदरांवरून पहाटे टेम्पोने येतो.

दाढ्याच्या पोटातला हवेचा फुगा, म्हणजे बोत, वाळवून वेगळा विकला जातो. रावसाला काटे कमी, मांस घट्ट आणि पदर सुटणारे. त्यामुळे तुकड्या तळायला आणि मुलांना भरवायला हा मासा सोयीचा. आगरी-कोळी घरांत मधल्या तुकड्या रव्यात घोळून तव्यावर जातात आणि डोके चिंच घालून कालवणाला. डोके सोडून देणाऱ्या गिऱ्हाइकाकडे मावशी कोयता थांबवून एकदा बघतेच. गालाजवळचा मऊ मांसाचा तुकडा कोणाला, यावरून घरात वाद होतो, आणि तो बहुधा कालवण करणारीच जिंकते.