एका केसाच्या दोन बाजू

मे महिन्यात भाची सुट्टीला आली होती. रात्री लाइट गेले, तेव्हा करायला काही नाही म्हणून ती जत्रेतून आणलेला लाल लेझर भिंतीवर नाचवत बसली होती. मी तिच्याच कंगव्यातला एक केस घेतला आणि लेझरच्या तोंडावर उभा ताणून सेलोटेपनं चिकटवला. तीन मीटरवरच्या भिंतीवर आता केसाची सावली दिसायला हवी होती. दिसली ती लाल ठिपक्यांची आडवी माळ. मधोमध सगळ्यात ठळक ठिपका, दोन्ही बाजूंना फिके होत गेलेले ठिपके आणि त्यांच्या मध्ये काळ्या फटी. म्हणजे सावली जिथे पडायची, नेमका तिथेच सगळ्यात जास्त उजेड.

पट्टी लावून मोजलं तर दोन काळ्या फटींमधलं अंतर जेमतेम तीन सेंटिमीटर भरलं. यावरून केसाची जाडी काढता येते. लाल लेझरची तरंगलांबी, म्हणजे प्रकाशलाटेच्या लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधलं अंतर, ६५० नॅनोमीटर. तिला भिंतीपर्यंतच्या अंतरानं गुणायचं आणि फटींमधल्या अंतरानं भागायचं. उत्तर आलं मिलिमीटरच्या सात शतांश भागाच्या आसपास. घरातल्या कुठल्याही पट्टीनं जे मोजता येत नाही, ते प्रकाशानं मोजून दिलं. (करून पाहाच, फक्त लेझर डोळ्यांत जाऊ देऊ नका.)

हे होतं ते प्रकाश लाटेसारखा पसरतो म्हणून. केसाच्या डावीकडून आणि उजवीकडून गेलेल्या लाटा पलीकडे एकमेकींत मिसळतात. तळ्यात दोन दगड शेजारी टाकले की वर्तुळं एकमेकांना छेदतात, तसंच. उंचवट्यावर उंचवटा आला तर उजेड वाढतो, उंचवट्यावर खळगा आला तर दोन उजेड मिळून अंधार होतो. पाठ्यपुस्तकात याला व्यतिकरण म्हणतात. शब्द रुक्ष आहे, पण 'दोन उजेड मिळून अंधार' हे नीट ऐकलं तर अंगावर काटा यावा असं आहे.

लंडनचा डॉक्टर थॉमस यंग यानं १८०३ साली रॉयल सोसायटीपुढे जे मांडलं, ते जवळपास हेच होतं. यंग म्हटलं की पडद्यातल्या दोन फटी आठवतात, पण त्या व्याख्यानातला प्रयोग एका पातळ कार्डाचा आहे. खिडकीच्या झडपेला बारीक भोक, त्यातून आलेला उन्हाचा कवडसा, आणि त्यात कडेवर उभं धरलेलं, इंचाच्या तिसाव्या भागाइतकं अरुंद कार्ड. सावलीच्या आत पट्टे दिसले. मग यंगनं कार्डाच्या एकाच बाजूचा प्रकाश अडवला. दुसऱ्या बाजूचा प्रकाश होता तसाच येत होता, तरी सावलीतले पट्टे नाहीसे झाले. पट्टे पडायला दोन्ही बाजू लागतात, ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

भाची अकरावीत आहे. ती म्हणाली, "पण मावशी, प्रकाश म्हणजे फोटॉन ना? कण? मग एकेकच कण सोडला तर? तो एकटा काय करेल?"

प्रश्न नेमका होता. प्रकाश कणांनी बनलाय हे आइनस्टाइननं १९०५ साली सुचवलं, कारण लाटेच्या हिशेबात एक गोष्ट बसत नव्हती. धातूवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. प्रकाश कितीही प्रखर केला तरी इलेक्ट्रॉनांची संख्या वाढते, एकेकाचा जोर नाही. जोर ठरतो रंगावरून. लाल दिव्यांचा डोंगर रचला तरी जे होत नाही, ते मंद जांभळा उजेड करून दाखवतो. जणू प्रकाश सुट्ट्या नाण्यांत येतो आणि नाण्याची किंमत रंगावर असते. अमेरिकेतल्या रॉबर्ट मिलिकनला हे पटेना. त्यानं वर्षानुवर्षं मोजमापं केली आणि १९१६ पर्यंत आइनस्टाइनचं समीकरण तंतोतंत खरं निघालं. तरी प्रकाशाचे कण काही त्याच्या गळी लगेच उतरले नाहीत, आणि मी त्याला दोष देत नाही.

भाचीचा प्रश्न त्याआधीच एकाला पडला होता. केंब्रिजमध्ये जे. जे. थॉमसनच्या सांगण्यावरून जेफ्री टेलर या तरुणानं १९०९ साली एक स्वस्तातला प्रयोग केला. गॅसची ज्योत, एक बारीक फट, त्यापुढे शिवणकामाची असते तशी सुई आणि मागे फोटोची काच. ज्योतीपुढे काजळी धरलेल्या काचा लावून त्यानं उजेड कमी कमी करत नेला. शेवटी इतका की मैलभर लांब जळणाऱ्या मेणबत्तीचा पोहोचेल तेवढाच. पेटीत एका वेळी दुसरा कण असण्याची शक्यता फारशी उरली नव्हती. फोटो उमटायला २००० तास लागले, म्हणजे जवळजवळ तीन महिने. हा गडी मधल्या काळात शिडाची होडी घेऊन भटकायला गेला, असा किस्सा सांगतात. काच धुतल्यावर सुईच्या सावलीतले पट्टे भर उजेडात दिसतात तितकेच स्पष्ट होते.

आजचे भौतिकशास्त्रज्ञ इथे हरकत घेतील, आणि ती रास्त आहे. प्रकाश मंद केला म्हणजे एकेक फोटॉन सुटतो असं नाही, कधी दोन जोडीनंही येतात. खरोखर एकेक फोटॉन देणाऱ्या उगमावर हा प्रयोग फ्रान्समध्ये आलँ आस्पे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली केला. पट्टे तेव्हाही आले.

प्रकाशाचं हे एक वेळ सोसलं असतं. प्रकाश तसाही हाती न लागणारा. पण १९२४ साली पॅरिसमध्ये लुई द ब्रॉयनं आपल्या प्रबंधात लिहिलं की पदार्थाच्या कणालाही तरंगलांबी असते: प्लांकचा स्थिरांक नावाचा एक अतिसूक्ष्म, न बदलणारा आकडा घ्या, त्याला कणाच्या संवेगानं (वस्तुमान गुणिले वेग) भागा, झालं. ताशी १४४ किलोमीटरनं येणाऱ्या क्रिकेटच्या चेंडूचा हिशेब केला तर त्याची तरंगलांबी दशांशचिन्हानंतर तेहतीस शून्यं आणि मग एक, इतके मीटर येते. एक प्रोटॉनही तिच्यापुढे अवाढव्य. म्हणून चेंडू यष्टीच्या दोन्ही बाजूंनी जात नाही आणि पंचांची नोकरी शाबूत आहे. इलेक्ट्रॉनचं मात्र तसं नाही. त्याची तरंगलांबी स्फटिकातल्या अणूंमधल्या अंतराएवढी होऊ शकते.

हे सापडलं ते एका बाटलीमुळे. न्यूयॉर्कच्या बेल प्रयोगशाळेत क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर निकेलवर इलेक्ट्रॉन मारून ते कुठल्या दिशेला उडतात हे पाहत होते. द ब्रॉयशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. फेब्रुवारी १९२५ मध्ये द्रवरूप हवेची बाटली फुटली, निर्वात नळीला तडा गेला, हवा आत शिरली आणि तापलेल्या निकेलवर गंज चढला. तो काढायला त्यांनी निकेल बराच काळ भट्टीसारखं तापवलं. त्या तापण्यात निकेलचे असंख्य बारीक स्फटिक जुळून थोडेच मोठे स्फटिक झाले. प्रयोग पुन्हा सुरू केला तर आकडे ओळखू येईनात. इलेक्ट्रॉन काही ठरावीक दिशांनाच गर्दी करत होते. पुढच्या वर्षी डेव्हिसन इंग्लंडला गेला असताना ऑक्सफर्डच्या सभेत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्ननं त्याचेच जुने आलेख पदार्थलहरींचा पुरावा म्हणून दाखवले. बिचारा चकित झाला. परत येऊन त्यानं मुद्दाम एकसंध स्फटिक घेतला आणि १९२७ साली मोजलं: ५४ व्होल्टचे इलेक्ट्रॉन, ५० अंशांचा कोन, तरंगलांबी १.६५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). द ब्रॉयचं सूत्र सांगत होतं १.६७.

त्याच वर्षी हेच वेगळ्या रीतीनं दाखवणारा जॉर्ज थॉमसन हा टेलरला प्रयोग सुचवणाऱ्या जे. जे. थॉमसनचा मुलगा. बापानं इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवलं, मुलानं तो तरंग आहे हे दाखवलं, दोघांनाही नोबेल मिळालं, आणि दोघंही बरोबर होते.

आता इलेक्ट्रॉन एकेक सोडला तर? मला यातला सगळ्यात आवडता प्रयोग जपानमधला आहे. हिताची कंपनीत आकिरा तोनोमुरा आणि सहकाऱ्यांनी तो १९८९ साली प्रसिद्ध केला. गंमत म्हणजे इथेही फटी नाहीत. केसाच्या पन्नासाव्या हिश्श्याहूनही बारीक तार मध्ये ताणलेली, इलेक्ट्रॉननं तिच्या या बाजूनं जावं नाहीतर त्या. कार्ड, सुई, तार: १८६ वर्षांत केसच तेवढा बारीक होत गेला. सेकंदाला सुमारे हजार इलेक्ट्रॉन सोडले. हजार जास्त वाटतात, पण त्यांचा वेग सेकंदाला सव्वा लाख किलोमीटरच्या घरात, म्हणजे लागोपाठच्या दोघांमध्ये शंभराहून जास्त किलोमीटरचं अंतर. एक पुण्यात पोहोचतो तेव्हा मागचा मुंबईहून निघतोय, आणि सगळं यंत्र दीड मीटरचं.

पडद्यावर काय दिसतं? दहा इलेक्ट्रॉन: दहा ठिपके, तांदूळ सांडल्यासारखे कुठेही. शंभर: तेच. तीन हजारांना डोळे बारीक करून पाहिलं तर काहीतरी उभं उभं असल्याचा भास होतो. सत्तर हजारांना पट्टे लख्ख. एकही इलेक्ट्रॉन पसरट डागासारखा उमटला नाही, प्रत्येक जण एकाच ठिकाणी, नेमका टिंब होऊन आला. आणि तरी कुणीही काळ्या पट्ट्यांत फारसं पाऊल टाकलं नाही, जणू प्रत्येकाला तारेच्या दोन्ही बाजू ठाऊक होत्या.

'कधी कण, कधी लाट' असं सर्रास लिहिलं जातं, ते म्हणूनच मला पटत नाही. इलेक्ट्रॉन वेशांतर करत नाही. पोहोचतो तो नेहमी दाण्यासारखा, पण कुठे पोहोचण्याची किती शक्यता हे ठरतं लाटेच्या गणितानं. हा अर्थ बॉर्ननं १९२६ साली लावला. दोन्ही बाजूंच्या वाटा आधी लाटांसारख्या बेरजेत येतात, शक्यता त्यानंतर निघते. त्यात कण आणि लाट यांचं 'द्वैत' हा शब्द आला की आपल्याकडे अद्वैत लांब नसतं, आणि मग बघणाऱ्याच्या जाणिवेनं जग घडतं इथपर्यंत गाडी जाते.

कण कुठल्या बाजूनं गेला याची खूण ठेवली की पट्टे पुसले जातात, हे खरं. पण खूण वाचायला माणूस लागत नाही. व्हिएन्नात १९९९ साली कार्बनच्या साठ अणूंचे फुटबॉलसारखे रेणू घेऊनही पट्टे मिळाले होते. २००४ मध्ये तिथेच सत्तर अणूंचे रेणू उडण्याआधी लेझरनं तापवले. तापलेल्या लोखंडासारखे ते वाटेत प्रकाश फेकू लागले. त्या प्रकाशात रेणू कुठे होता याची बातमी फुटते. ती कुणी ऐकत नव्हतं, तरी रेणू जितके तापले तितके पट्टे फिके होत शेवटी गेले. २०१९ पर्यंत सुमारे दोन हजार अणूंच्या रेणूंपर्यंत मजल गेली आहे.

एवढं सांगून होईपर्यंत लाइट आले होते. भाचीनं वही काढली. लेझर एक मिलिवॉटचा धरला तर त्यातून सेकंदाला ३३ लाख अब्ज फोटॉन सुटतात. प्रकाशाला भिंत गाठायला सेकंदाचा दहा कोटीवा भाग लागतो. म्हणजे कुठल्याही क्षणी खोलीत तीन कोटींवर फोटॉन वाटेत असतात. दहातला एकच जाऊ देणाऱ्या काळ्या काचा एकापुढे एक लावल्या तर आठ काचांनंतर सरासरी एकही नीटसा उरत नाही. भिंतीवर डोळ्यांना काही दिसणार नाही, कॅमेरा लावून वाट पाहावी लागेल, असं मी म्हटलं. तोवर ती कपाटात गॉगल शोधायला गेली होती. घरात तीनच निघाले, त्यातला एक आजोबांचा, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा.