व्यायाम आणि कॅन्सर : शंभर वर्षांच्या मोजमापाची पार्श्वभूमी

नियमित व्यायाम करणाऱ्यांना काही प्रकारचे कॅन्सर कमी होतात, हे आता जागतिक पातळीवरच्या आरोग्यसंस्था मान्य करतात. इथवर यायला शंभर वर्षं लागली, आणि त्यातला बराच काळ एकाच अडचणीत गेला : माणूस किती हालचाल करतो हे मोजायचं कसं? पेशींमधल्या पहिल्या बिघाडापासून गाठ लक्षात येईपर्यंत अनेकदा कित्येक वर्षं जातात. तेवढ्या काळातली हालचाल कोणी वहीत टिपून ठेवत नाही. म्हणून त्या त्या काळातल्या संशोधकांनी हाताशी होतं ते माप वापरलं. माप सुधारत गेलं, तसं उत्तरही नेमकं होत गेलं.

पहिलं माप होतं पेशाचं. बैठं काम करणाऱ्या कारागिरांची तब्येत ढासळते, हे इटलीतले वैद्य बर्नार्डिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच लिहून ठेवलं होतं. कॅन्सरचा प्रश्न आकड्यांच्या आधारे पुढे आला तो मात्र १९२२ च्या सुमारास. अमेरिकेत सिव्हर्टसन व डालस्ट्रॉम आणि ऑस्ट्रेलियात चेरी यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे पेशावार मृत्यूनोंदी तपासल्या. दोन्हीकडे एकच चित्र दिसलं : जितकी अंगमेहनत जास्त, तितके कॅन्सरचे मृत्यू कमी. पण मृत्यूनोंदीतल्या पेशावर विसंबण्यात मोठे धोके असतात. आजारी पडलेला मजूर जड काम सोडून हलकं काम धरतो, आणि नोंद त्या हलक्या कामाखाली होते. शिवाय पेशाबरोबर मिळकत, तंबाखू, दारू, आहार हे सगळंच बदलतं. त्यामुळे फरक दिसला तरी तो मेहनतीमुळेच पडला, असं म्हणता येत नव्हतं.

१९४४ मध्ये रश आणि क्लाइन यांनी उंदरांवर प्रयोग केला. व्यायाम करायला लावलेल्या उंदरांमध्ये गाठ सावकाश वाढली. इथेही एक गुंता होता. नुसतं खाणं कमी केलं तरी प्राण्यांमधल्या गाठी मंदावतात, हे तोवर ठाऊक होतं. मग गाठ मंदावली ती व्यायामाने, की वजन उतरल्याने? हा प्रश्न माणसांच्या अभ्यासांतही आजवर पाठ सोडत नाही.

त्यानंतर बराच काळ सगळं लक्ष हृदयविकाराकडे गेलं. त्याचा पुढे कॅन्सरच्या अभ्यासालाच फायदा झाला, कारण मोजमापाची हत्यारं तिथे तयार झाली. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना प्रसिद्ध केली. दिवसभर जिने चढउतार करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या पाठवल्या : रोज किती जिने चढता, किती चालता, कोणते खेळ खेळता. उत्तरांवरून आठवड्याला खर्च होणाऱ्या कॅलरी काढल्या. पेशाच्या नावापेक्षा हे माप कितीतरी पुढचं होतं.

कॅन्सरच्या बाजूने खरी कलाटणी १९८४ मध्ये मिळाली. गॅराब्रँट आणि सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या कॅन्सर नोंदणीतल्या पुरुषांचे पेशे हालचालीनुसार तीन गटांत लावले. बैठं काम करणाऱ्यांमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका सुमारे १.६ पट निघाला. गुदाशयाच्या कॅन्सरशी मात्र असा संबंध दिसला नाही. मला या अभ्यासातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. फरक केवळ आहाराचा किंवा मिळकतीचा असता, तर तो आतड्याच्या या शेवटच्या भागातही थोडाफार दिसायला हवा होता.

१९९१ मध्ये हार्वर्डच्या माजी विद्यार्थ्यांकडून आणखी एक गोष्ट कळली. एकाच वेळी विचारलेल्या हालचालीवरून मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा नीट अंदाज येत नव्हता. काही वर्षांच्या अंतराने दोनदा विचारल्यावर जे दोन्ही वेळा भरपूर सक्रिय निघाले, त्यांचा धोका दोन्ही वेळा निष्क्रिय असणाऱ्यांच्या साधारण निम्मा होता. फरक सातत्याने पडतो. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तरी तरुणपणी खेळलेलं क्रिकेट पन्नाशीत जमेला धरता येत नाही.

स्तनाच्या कॅन्सरचा धागा वेगळ्या दिशेने आला. रोझ फ्रिश यांनी १९८५ मध्ये कॉलेजात खेळाडू राहिलेल्या आणि न राहिलेल्या स्त्रियांची तुलना केली. माजी खेळाडूंमध्ये स्तनाच्या आणि प्रजननसंस्थेच्या कॅन्सरचं प्रमाण कमी होतं. १९९४ मध्ये लेस्ली बर्नस्टाइन यांनी चाळिशीपर्यंतच्या स्त्रियांचा अभ्यास मांडला. पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याला सरासरी सुमारे ४ तास व्यायाम करणाऱ्यांचा धोका निम्म्याहून कमी दिसला. आजारी आणि निरोगी स्त्रियांना मागच्या आठवणी विचारून केलेल्या अशा अभ्यासांत फरक फुगून दिसण्याचा संभव असतो. १९९७ मध्ये नॉर्वेत इंगर थुने यांनी २५,६२४ स्त्रियांची हालचाल आधी नोंदवली आणि मग त्यांच्यावर बरीच वर्षं लक्ष ठेवलं. तिथे नियमित व्यायाम करणाऱ्यांचा धोका ३७ टक्के कमी निघाला.

आता 'का' हा प्रश्न ऐरणीवर आला. व्यायाम करणारा स्नायू रक्तातली साखर अधिक सहज घेतो, त्यामुळे इन्सुलिन कमी लागतं. सतत चढलेलं इन्सुलिन पेशींना वाढीचा इशारा देत राहतं, आणि मोठ्या आतड्याचं अस्तर सतत नव्याने बनत असल्याने तिथे हा इशारा महागात पडतो. पाळी थांबल्यावर स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत तयार होतं. चरबी घटली की तेही घटतं. कॅनडात क्रिस्टिन फ्रीडनराइक यांनी ३२० स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटाला वर्षभर व्यायाम दिला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात त्या गटातलं इस्ट्रोजेन उतरलेलं दिसलं. तिसरा मार्ग प्रतिकारशक्तीचा. २०१६ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी दाखवलं, की चाकावर धावणाऱ्या उंदरांमध्ये ॲड्रेनलिनमुळे नैसर्गिक मारक पेशी रक्तात उतरतात आणि गाठीत शिरतात. गाठींची वाढ ६० टक्क्यांहून अधिक घटली होती. माणसाच्या गाठीत एवढा परिणाम होतो, असं यावरून म्हणू नये.

२००२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने मोठं आतडं आणि स्तन या दोन कॅन्सरांसाठी पुरावा पुरेसा असल्याचं जाहीर केलं. २०१६ मध्ये अमेरिका आणि युरोपातले १२ अभ्यास एकत्र करून १४ लाख ४० हजार लोकांची माहिती तपासली गेली. २६ प्रकारांपैकी १३ कॅन्सर सर्वाधिक सक्रिय लोकांमध्ये कमी होते. अन्ननलिकेच्या एका प्रकारात घट ४२ टक्के होती, यकृतात २७, मूत्रपिंडात २३, गर्भाशयाच्या अस्तरात २१, मोठ्या आतड्यात १६ आणि स्तनात १०. वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावरही १३ पैकी १० संबंध टिकले. म्हणजे व्यायामाचा फायदा केवळ वजन उतरण्यातून येत नाही.

याच अभ्यासात सावध करणारे आकडेही आहेत. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये २६ टक्के घट दिसली, पण धूम्रपान कधीच न केलेल्यांमध्ये ती नव्हती. व्यायाम करणारे मुळात कमी सिगारेट ओढतात, त्याचीच ही सावली असण्याची दाट शक्यता आहे. त्वचेचा मेलॅनोमा तर सक्रिय लोकांत २७ टक्के जास्त निघाला. कारण बहुधा उघड्यावरचं ऊन. आणि टक्के नेहमी मूळ धोक्याला लावून वाचावेत. समजा १,००० स्त्रियांमध्ये ५० जणींना स्तनाचा कॅन्सर होणार असेल, तर १० टक्के घट म्हणजे ४५. पाच जणी वाचणं ही मोठी गोष्ट आहे, पण उरलेल्या ४५ जणींचं काही चुकलं असा अर्थ त्यातून काढणं क्रूर आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला मुख्यतः विषाणू कारणीभूत असतो. तिथे लस आणि तपासणी हेच उपाय आहेत, व्यायाम त्यांची जागा घेत नाही.

आठवणींवर विसंबणं अलीकडे कमी झालं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या, व्यायाम न करणाऱ्या २२,३९८ लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांची नोंद तपासली गेली. घाईने जिने चढणं, ओझं उचलून झपाझप चालणं अशा मिनिट-दोन मिनिटांच्या जोरकस हालचाली दिवसाला साडेतीन मिनिटं भरल्या, तरी एकूण कॅन्सरचं प्रमाण १७-१८ टक्के कमी दिसलं. तरी हे निरीक्षणच. आतून आजार सुरू झालेला माणूस आधीच मंदावतो, आणि मग कारण-परिणाम उलटे वाचले जातात. म्हणून चांगल्या अभ्यासांत सुरुवातीच्या काही वर्षांत निघालेले कॅन्सर वगळून हिशेब पुन्हा केला जातो.

निरोगी माणसांचे गट पाडून, काहींना व्यायाम देऊन दोन दशकं कॅन्सरची वाट पाहणारा प्रयोग व्यवहारात शक्य नाही. त्याच्या सर्वांत जवळ जाणारा प्रयोग २००९ मध्ये सुरू झाला आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया आणि केमोथेरपी झालेल्या ८८९ रुग्णांपैकी निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शनाखाली व्यायाम दिला, बाकीच्यांना आरोग्याची पुस्तिका. पाच वर्षांनी आजाराविना राहिलेले ८०.३ टक्के विरुद्ध ७३.९ टक्के, आणि आठ वर्षांनी हयात ९०.३ विरुद्ध ८३.२. हा प्रश्न पहिल्यांदा कॅन्सर होण्याचा नसून तो पुन्हा उद्भवण्याचा आहे. तरीही गट चिठ्ठीने पाडलेले असल्यामुळे 'निरोगी लोकच व्यायाम करतात' हा जुना आक्षेप इथे लागू पडत नाही.

त्या प्रयोगातली मात्रा होती आठवड्याला जादा १० मेट-तास. स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा वापरतं ती १ मेट. भरभर चालणं साधारण ४ मेट, म्हणजे अडीच तास चालल्यावर १० मेट-तास होतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस याच घरातली आहे : आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. चालताना बोलता येतं पण गाता येत नाही, तो वेग मध्यम समजावा. हिशेब चुकतो तो बहुधा इथेच : रेंगाळत चालणं ३ मेटच्या खाली राहतं आणि तरी मिनिटांत मोजलं जातं. दुसरी चूक घाईची. त्या प्रयोगात स्नायू-सांध्यांच्या तक्रारी व्यायामाच्या गटात १८.५ टक्के होत्या, दुसऱ्या गटात ११.५. म्हणून सुरुवात रोज १० मिनिटांनी करून दर आठवड्याला थोडी थोडी वाढवावी. गुडघा किंवा घोटा सुजला, तर सूज उतरेपर्यंत चालण्याऐवजी सायकल किंवा पोहणं धरावं.