ब्लॉक सहबहुवारिकांद्वारे संकरित नॅनोकण-रचना

ब्लॉक सहबहुवारिकांद्वारे संकरित नॅनोकण-रचना : रासायनिक दृष्ट्या भिन्न अशा दोन किंवा अधिक बहुवारिक (पॉलिमर) साखळ्या सहसंयुजी बंधाने एकमेकींना जोडलेल्या रेणूंच्या स्वयंजुळणीचा उपयोग करून धातू, अर्धसंवाहक किंवा ऑक्साइड यांचे नॅनोकण ठरावीक जागी बसविण्याची पद्धत. तयार पदार्थात सेंद्रिय व असेंद्रिय असे दोन्ही घटक नांदतात, म्हणून तो संकरित.

पॉलिस्टायरीन व पॉलिव्हिनिलपिरिडीन ही दोन बहुवारिके नुसती मिसळली तर ती विलग होतात. एकाच रेणूत बांधली की त्यांना फार दूर जाता येत नाही. मग साधारणतः १० ते १०० नॅनोमीटर अंतराने पुनरावृत्त होणारे गोल, दंडगोल, गायरॉइड (त्रिमितीत एकमेकांत गुंफलेली जाळी) किंवा स्तर यांची क्षेत्रे तयार होतात. यांपैकी काय मिळेल, हे मुख्यतः दोन गटांच्या (ब्लॉक, म्हणजे रेणूतील एकाच प्रकारच्या साखळीचा भाग) प्रमाणावर ठरते. लुडविक लाइब्लर यांच्या १९८० च्या सिद्धांतानुसार, समान लांबीच्या गटांच्या रेणूत फ्लोरी–हगिन्स आंतरक्रिया गुणांक (दोन गट एकमेकांना किती टाळतात याचे माप) आणि साखळीतील एककांची संख्या यांचा गुणाकार सुमारे १०.५ च्या वर गेला की विलगीकरण सुरू होते. असे नेमक्या लांबीचे रेणू मायकेल श्वार्त्स यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या सजीव ऋणायनी बहुवारिकीकरणामुळे (साखळीचे टोक क्रियाशील राहून ती वाढत राहते अशी पद्धत) हाती आले.

या पद्धतीचा आरंभ कधी मानावा, यावर एकमत नाही. एका मतानुसार १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत रॉबर्ट कोहेन व सहकाऱ्यांनी सहबहुवारिकाच्या घटक-क्षेत्रांतच धातूंचे पुंजके घडविले, तोच आरंभ. दुसरे मत जर्मनीतील मायसेल-पद्धतीला (मायसेल म्हणजे द्रवात रेणूंनी बनविलेले, गाभा व कवच असलेले सूक्ष्म गोळे) मान देते; तिच्याशी मार्टिन म्योलर व योआखिम श्पात्झ यांची नावे निगडित आहेत. टोल्यूइनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळते, पॉलिव्हिनिलपिरिडीन नाही. ते आत दडते आणि बाहेर पॉलिस्टायरीनचे कवच राहते. क्लोरोऑरिक आम्लाचे (सोन्याचे संयुग) पिवळे कण टोल्यूइनच्या तळाशी तसेच पडून राहतात. मायसेल असतील तर मात्र ढवळता ढवळता ते दिसेनासे होतात व द्रव नितळ पिवळा होतो, कारण सोने पिरिडीनच्या गाभ्यात शिरलेले असते. या द्रवात काच किंवा सिलिकॉनची चकती बुडवून एकसारख्या वेगाने वर काढली आणि प्लाझ्माने (आयनीभूत वायूने) बहुवारिक जाळले, की जवळजवळ षटकोनी मांडणीतले सोन्याचे ठिपके उरतात. त्यांमधील अंतर रेणूच्या लांबीने बदलता येते.

तथापि या दोन्ही पद्धतींत साचा आधी ठरतो आणि धातू त्यात भरला जातो. आधीच तयार केलेले कण आणि सहबहुवारिक एकमेकांची मांडणी ठरवितात, ती खरी सह-जुळणी. तिचा पाया रसेल थॉम्पसन, व्हॅलेरी गिंझबर्ग, मार्क मॅटसेन व ॲना बलाझ यांच्या २००१ च्या सैद्धांतिक कामापासून धरणे अधिक सयुक्तिक वाटते. कण हा साच्यातला निमूट प्रवासी नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. मोठा कण मध्ये आला की साखळ्यांना त्याला वळसा घालताना ताणावे लागते व त्यांची एन्ट्रॉपी (वेगवेगळे आकार घेण्याची मोकळीक) घटते. म्हणून तो क्षेत्राच्या मध्याकडे ढकलला जातो, तर लहान कण विखुरतात किंवा सीमेकडे जातात. २००३ मध्ये मिकाएल बॉकस्टालर, एडविन थॉमस आदींनी सुमारे ३.५ नॅनोमीटरचे सोने सीमेवर आणि सुमारे २१.५ नॅनोमीटरची सिलिका क्षेत्राच्या मध्यभागी एकाच नमुन्यात दाखविली. केवळ आकार मात्र पुरेसा नाही. कणावरील लिगंड-साखळ्या (कणाच्या पृष्ठभागाला जोडलेल्या साखळ्या) पॉलिस्टायरीनच्याच असतील तर सोने पॉलिस्टायरीनच्या क्षेत्रात राहते. दोन्ही प्रकारच्या मिश्र साखळ्या असतील तर सीमेवर बसते (२००५). कण अधिक भरले तर क्षेत्राचे आकारमानच बदलते आणि मूळ रचना दुसऱ्या रचनेत रूपांतरित होऊ शकते.

उपयोगांपैकी प्लॅटिनमचे उदाहरण ठळक आहे. कॉर्नेल विद्यापीठात उलरिक वीझनर यांच्या गटाने २००८ मध्ये प्लॅटिनमचे नॅनोकण व ब्लॉक सहबहुवारिक यांची सह-जुळणी साधली, नंतर बहुवारिक तापवून त्याचा कार्बन केला आणि तोही काढून टाकून १० नॅनोमीटरहून मोठ्या छिद्रांचे सुव्यवस्थित प्लॅटिनम मिळविले. उत्प्रेरण, प्रकाशीय संवेदक व स्मृती-साधने ही इतर क्षेत्रे.

नागपूर : डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिलेली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था (आता लक्ष्मीनारायण अभिनव तंत्रज्ञान विद्यापीठ) आणि विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था यांमुळे शहरात रासायनिक तंत्रज्ञानाच्या शिक्षणाची परंपरा आहे. अशा संकरित रचनांच्या पातळ फिल्म ओतण्याच्या कामात येथील हवामानाचा विचार करावाच लागतो. मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो व हवा कोरडी असते. टोल्यूइन झपाट्याने उडते आणि साखळ्यांना जुळण्यास वेळ अपुरा पडतो. जुलैत उलट घडते. विद्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव जमते, सूक्ष्म छिद्रे पडतात व फिल्म पांढुरकी दिसते; रंग-रोगण करणाऱ्यांना हा दोष चांगला परिचित आहे. पॉलिएथिलीन ऑक्साइडचा गट असल्यास तो हवेतील पाणी शोषतो, साखळ्यांची हालचाल वाढते आणि जुळणीची दिशाही बदलू शकते. अशा वेळी फिल्म बंद पेटीत, नायट्रोजनच्या प्रवाहात ओतून तापमान व सापेक्ष आर्द्रता नोंदविणे इष्ट. मे व जुलैमधील नमुन्यांच्या कणांतरांची तुलना या नोंदीशिवाय ग्राह्य धरता येत नाही.