कूपर्सटाउनचा दरवाजा कोणासाठी? हॉल ऑफ फेमच्या वादाची पार्श्वभूमी

जानेवारीत अमेरिकेतली बेसबॉलची मैदानं ओस असतात आणि त्या खेळावरची भांडणं मात्र ऐन भरात असतात. निवृत्त खेळाडूंपैकी कोणाला हॉल ऑफ फेममध्ये घ्यायचं, याचा निकाल याच महिन्यात लागतो. कोणी थोडक्या मतांनी बाहेर राहतो, कोणी काठावर आत जातो, एखादा पत्रकार निषेध म्हणून कोरी मतपत्रिका पाठवतो. दरवर्षी पात्रं बदलतात, संवाद तेच. वरवर हा आकड्यांचा वाद वाटतो. पण तो समजून घ्यायचा तर आधी या संस्थेचा जन्म पाहावा लागतो, कारण ‘लायक कोण’ या प्रश्नाचं उत्तर तिच्या संस्थापकांनी दिलंच नव्हतं. आज जे नियम तत्त्व म्हणून सांगितले जातात, त्यातले बरेचसे कोणत्या ना कोणत्या जुन्या भांडणात झालेले तह आहेत.

कल्पना मुळात खेळातली नव्हेच. न्यूयॉर्क विद्यापीठाने १९०१ मध्ये ब्रॉन्क्समध्ये थोर अमेरिकनांसाठी एक हॉल ऑफ फेम उघडला होता. खांबांच्या रांगेत अर्धपुतळे आणि पुतळा कोणाचा बसवायचा ते ठरवायला मान्यवर मतदारांचं मंडळ. पुढे १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउन या छोट्या गावात बेसबॉलचं संग्रहालय काढायचं घाटत होतं, तेव्हा नॅशनल लीगचे अध्यक्ष फोर्ड फ्रिक यांना हा नमुना आठवला. जुन्या बॅटी आणि हातमोजे मांडायचेच आहेत, तर थोर खेळाडूंनाही मानाची जागा देऊया, असं त्यांनी सुचवलं.

कूपर्सटाउनच का, याची गोष्ट आणखी मजेशीर आहे. बेसबॉलचा उगम शोधायला १९०५ मध्ये एक समिती नेमली गेली. एका वयस्क गृहस्थांच्या आठवणींवर विसंबून तिने निर्वाळा दिला, की ॲबनर डबलडे याने १८३९ मध्ये याच गावात हा खेळ शोधून काढला. डबलडे पुढे यादवी युद्धात सेनापती म्हणून गाजला. १८३९ मध्ये तो वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत शिकत होता आणि बेसबॉल आपण शोधला असा दावा त्याने हयातीत कधीच केला नाही. तरी कथा टिकली. १९३० च्या दशकात गावाजवळच्या एका घराच्या माळ्यावर एक जीर्ण चेंडू सापडला. सिंगर शिलाई यंत्रांच्या संपत्तीचे वारस स्टीफन क्लार्क यांनी तो ५ डॉलरला विकत घेतला आणि तोच ‘डबलडेचा चेंडू’ ठरला. महामंदीचे दिवस होते, गावाला पर्यटक हवे होते. १२ जून १९३९ रोजी संग्रहालयाचं थाटात उद्घाटन झालं. दंतकथेच्या पायावर उभ्या असलेल्या इमारतीच्या पावित्र्यावरून पुढे एवढं रण माजावं, हे मला नेहमीच गमतीचं वाटत आलं आहे.

पहिलं मतदान त्याआधीच, १९३६ मध्ये झालं. मतदार होते बेसबॉलचं वार्तांकन करणारे पत्रकार. प्रत्येकाने जास्तीत जास्त १० नावं लिहायची आणि ७५ टक्के मतं मिळतील तो आत. २२६ मतपत्रिकांपैकी टाय कॉबला २२२ मिळाल्या. बेब रूथ आणि होनस वॅग्नर यांना प्रत्येकी २१५. ख्रिस्टी मॅथ्यूसन आणि वॉल्टर जॉन्सन हे निवडलेल्या पाचांतले उरलेले दोघे. म्हणजे ११ पत्रकारांना रूथसुद्धा पहिल्या दहांत बसवावासा वाटला नव्हता. निकष लिहिलेले नव्हते, निवृत्तीची अट नव्हती. १९१९ च्या विश्वमालिकेतल्या (हंगामाच्या विजेतेपदाच्या लढतीतल्या) सट्टेबाजीच्या प्रकरणात तहहयात बंदी झालेल्या ‘शूलेस’ जो जॅक्सनलाही २ मतं पडली, कारण बंदी असलेल्याला मत देऊ नका असं कोणी म्हटलंच नव्हतं.

या मोकळीकीतून एक विचित्र रिवाज पडला. रूथला जे मिळालं नाही ते दुसऱ्या कोणाला का मिळावं, असा हट्ट धरून काही मतदार दरवर्षी एखाद्या निर्विवाद नावापुढेही खूण करेनात. १९७९ मध्ये विली मेजला २३ जणांनी वगळलं, १९८२ मध्ये हँक ॲरनला ९ जणांनी. एकमताने निवड व्हायला २०१९ उजाडलं. मारियानो रिव्हेराला ४२५ पैकी ४२५ मतं मिळाली. पुढच्याच वर्षी डेरेक जीटर एका मताने हुकला आणि तो एक मतदार कोण, हे आजवर जाहीर झालेलं नाही.

पाच वर्षं थांबायचा नियम १९५४ चा. त्याआधी खेळाडू निवृत्त होताच नाव पुढे येई आणि मतं इतकी विखुरत की कोणालाच ७५ टक्के गाठता येईनात. १९४५ मध्ये पत्रकारांकडून एकही निवड झाली नाही. मग जुन्या खेळाडूंसाठी नेमलेल्या समितीने त्या वर्षी १० आणि पुढच्या वर्षी ११ जण घाऊक आत घेतले. त्यात टिंकर, एव्हर्स आणि चान्स हे शिकागोचे त्रिकूट एकत्रच गेलं. तिघंही चांगले खेळाडू, पण त्यांची नावं सर्वांच्या तोंडी होती ती १९१० च्या एका वर्तमानपत्री कवितेमुळे. एक यमक चांगलं जुळलं म्हणून तिघांना दार उघडलं, असं टीकाकार आजही म्हणतात, आणि ते अगदीच खोटं नाही.

तिथून दोन दारांची पद्धत रूढ झाली. पुढचं पत्रकारांचं, मागचं समितीचं. मागच्या दाराची बदनामी सर्वांत जास्त झाली ती १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. फ्रँकी फ्रिश आणि बिल टेरी हे न्यूयॉर्क जायंट्सचे जुने दोस्त समितीवर होते आणि त्यांचे जुने सोबती एकामागून एक आत येत गेले. जॉर्ज केली (१९७३) हे त्यातलं सर्वाधिक टीका झालेलं नाव. अशा प्रत्येक निवडीचा परिणाम दुहेरी होतो. अमका आत आहे, मग त्याच्याहून सरस असलेला तमका बाहेर का, हा युक्तिवाद कायमचा उपलब्ध होतो. २०१८ च्या अखेरीस हॅरॉल्ड बेन्सची निवड झाली तेव्हा हेच झालं. पत्रकारांच्या मतदानात तो कधी ६.१ टक्क्यांच्या वर गेला नव्हता. १६ जणांच्या समितीत मात्र त्याचा माजी प्रशिक्षक आणि माजी संघमालक दोघेही बसले होते.

वर्णभेदाचा अध्याय या सगळ्याहून गंभीर. १९४७ पर्यंत प्रमुख लीगांमध्ये कृष्णवर्णीयांना जागाच नव्हती, त्यांच्या लीग वेगळ्या होत्या. किमान १० हंगाम प्रमुख लीगमध्ये खेळलेला असावा, ही अट कागदावर निष्पक्ष दिसते. ज्यांना दारातच उभं केलं नाही, त्यांना ती दुसऱ्यांदा बाहेर ठेवत होती. १९६६ मध्ये टेड विल्यम्सने स्वतःच्या सत्काराच्या भाषणात सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन यांची नावं घेतली आणि ते इथे नाहीत कारण त्यांना संधीच मिळाली नाही, असं स्पष्ट सांगितलं. १९७१ मध्ये पेजची निवड झाली, पण आधी बेत होता निग्रो लीगच्या खेळाडूंसाठी वेगळं दालन करण्याचा! टीका झाल्यावर तो सोडून द्यावा लागला. २००६ मध्ये एका विशेष समितीने एकदम १७ जणांना घेतलं. त्यात संघमालक एफा मॅनली ही हॉलमधली पहिली स्त्री. ज्यांनी या लीगांची आठवण आयुष्यभर जागती ठेवली ते बक ओनील मात्र राहिले. त्यांनी त्या १७ जणांच्या वतीने समारंभात भाषण केलं आणि काही आठवड्यांतच, ९४ व्या वर्षी, ते गेले. हॉलमध्ये त्यांची पाटी लागली २०२२ मध्ये.

आता चारित्र्याचं कलम. १९४० च्या दशकाच्या मध्यावर मतदारांना सांगण्यात आलं की खेळाडूची कामगिरी आणि कौशल्य यांबरोबर त्याचा प्रामाणिकपणा, खिलाडूवृत्ती आणि चारित्र्यही पाहा. किती पाहा, हे सांगितलं नाही. पहिल्या मतदानात सर्वाधिक मतं घेणाऱ्या कॉबने १९१२ मध्ये प्रेक्षकांत शिरून एका अपंग माणसाला मारहाण केली होती. ज्यांच्या आयुक्तपदाच्या संपूर्ण काळात प्रमुख लीगमध्ये एकही कृष्णवर्णीय खेळाडू आला नाही, ते न्यायाधीश लँडिस १९४४ पासून आत आहेत. अनेक वर्षं हे कलम कोणी फारसं उघडूनही पाहिलं नाही. त्याला धार आली ती उत्तेजकांमुळे.

कारकिर्दीत ७६२ होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारणारा बॅरी बाँड्स आणि सर्वोत्तम पिचरचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचा, साय यंग पुरस्कार सात वेळा जिंकणारा रॉजर क्लेमन्स यांची नावं २०१३ मध्ये प्रथमच मतपत्रिकेवर आली. त्या वर्षी पत्रकारांनी कोणालाच निवडलं नाही. बाँड्सला ३६.२ टक्के, क्लेमन्सला ३७.६. वाद दोन्ही बाजूंनी खरा होता. उत्तेजकांसाठी शिक्षेसह चाचण्या २००४ पर्यंत सुरूच झाल्या नव्हत्या, तोवर लीग, संघमालक आणि पत्रकार सगळ्यांनीच डोळेझाक केली होती. दुसरीकडे, जे स्वच्छ खेळले त्यांचे आकडे या फुगलेल्या आकड्यांपुढे फिके पडले, त्यांचा न्याय कोणी करायचा? २०१४ मध्ये मतपत्रिकेवर राहण्याची मुदत १५ वर्षांवरून १० वर केली गेली, तेव्हा अनेकांनी ती या दोघांसाठीच आखडली असा अर्थ काढला. मग तो सगळा काळ ज्यांच्या आयुक्तपदाखाली गेला, ते बड सेलिग समितीमार्फत निवडले गेले. साहेब आत आणि खेळाडू बाहेर, हे काही मतदारांना पटलं नाही. २०१७ मध्ये दोघांचीही मतं ५० टक्क्यांच्या वर गेली. पण २०२२ मध्ये मुदत संपली तेव्हा ती ६६ आणि ६५.२ टक्क्यांवर अडकलेली होती. त्याच मतदानात डेव्हिड ऑर्टिझ पहिल्याच वर्षी आत गेला.

आकड्यांचं म्हणाल तर तिथेही मोजपट्टी बदलत गेली. पूर्वी फलंदाजाला ३००० हिट्स (बेसवर पोहोचवणारे यशस्वी फटके) किंवा ५०० होम रन, पिचरला ३०० विजय हे उंबरठे होते, ते ओलांडले की प्रश्न मिटला. राफाएल पाल्मेइरोकडे ३०२० हिट्स आणि ५६९ होम रन होते, पण चाचणीत सापडल्यावर २०१४ मध्ये तो ५ टक्केही न मिळवता यादीतून गळला. बर्ट ब्लायलेव्हनचा प्रवास उलट. २८७ विजय, म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे. १९९८ मध्ये त्याला १७.५ टक्के मतं होती, २०११ मध्ये ७९.७. मधल्या काळात त्याने एकही चेंडू टाकला नव्हता. आकडेवारीच्या नव्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की विजयाचं श्रेय पिचरइतकंच संघाच्या फलंदाजीचंही असतं. आज बहुतेक चर्चेत ‘वॉर’ हा आकडा येतो. सहज मिळणाऱ्या पर्यायी खेळाडूच्या तुलनेत याने संघाला किती जास्तीचे विजय मिळवून दिले, याचा तो अंदाज. तरीही शिखर मोठं की सातत्य, हे तो ठरवून देत नाही. सँडी कोफॅक्स १६५ विजयांवर वयाच्या ३६ व्या वर्षी आत गेला, ३२४ विजयांच्या डॉन सटनला पाचव्या मतदानापर्यंत थांबावं लागलं. मला स्वतःला शिखरवाल्यांची बाजू पटते. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून गेले, त्याच्यासाठीच तर हे दालन आहे.

इतर खेळांनी कूपर्सटाउनकडे पाहून आपापले नियम केले. ओहायोतल्या कँटनमध्ये १९६३ साली उघडलेल्या व्यावसायिक फुटबॉलच्या हॉलने चारित्र्याचं कलम ठेवलंच नाही, फक्त मैदानावरचं पाहायचं. म्हणून १९८५ मध्ये निवडलेला ओ. जे. सिम्पसन पुढच्या सगळ्या प्रकारांनंतरही तिथेच राहिला. अर्थात मैदानाबाहेरचं मनात येतच नाही असं नाही. टेरेल ओवेन्सला दोनदा डावलल्यावर २०१८ मध्ये घेतलं, तेव्हा त्याने कँटनचा सोहळा टाळून स्वतःचा वेगळा समारंभ केला. टोरांटोच्या हॉकी हॉलमध्ये १८ जणांची समिती बंद दाराआड मतदान करते, कोणाला किती मतं पडली हे बाहेर येतच नाही, त्यामुळे भांडायलाही फारसं काही हाती लागत नाही. क्रिकेटचा आयसीसी हॉल ऑफ फेम २००९ चा. आरंभीच्या ५५ नावांत गावसकर, बेदी आणि कपिल देव होते. थांबण्याची पाच वर्षं त्यांनीही घेतली, म्हणून २०१३ मध्ये निवृत्त झालेला तेंडुलकर २०१९ मध्ये आत गेला.

सगळ्यात लांबलेलं प्रकरण मात्र पीट रोझचं. ४२५६ हिट्स, इतिहासात सर्वाधिक. सिनसिनाटी रेड्सचा व्यवस्थापक असताना बेसबॉलवर पैसे लावल्याबद्दल १९८९ मध्ये त्याच्यावर कायमची बंदी आली. त्याचं नाव मतपत्रिकेवर येण्याची वेळ झाली, तोच १९९१ मध्ये हॉलच्या मंडळाने नियम केला की बंदी असलेली व्यक्ती पात्र नाही. १९३६ मध्ये जॅक्सनच्या वेळी जे लिहिलेलं नव्हतं, ते ५५ वर्षांनी एका माणसासाठी लिहिलं गेलं. तरी १९९२ मध्ये ४१ पत्रकारांनी त्याचं नाव हाताने लिहून मत दिलं, ते बाद झालं. रोझने जुगाराची कबुली द्यायला २००४ साल उजाडलं. तो ३० सप्टेंबर २०२४ रोजी वारला. १३ मे २०२५ रोजी आयुक्त रॉब मॅनफ्रेड यांनी जाहीर केलं की कायमची बंदी मृत्यूबरोबर संपते. या निर्णयाने रोझबरोबर जॅक्सनही मोकळा झाला. दोघांचा मार्ग आता मागच्या दाराने आहे. जुन्या काळासाठीची समिती डिसेंबर २०२७ मध्ये बसेल, सदस्य १६ असतील आणि आत जायला १२ मतं लागतील.